इस्रायल आळीतील प्रार्थनागृह आणि आपली अमानत

वाचकहो, गेल्या रमजानमध्ये चारकोपला आमच्या सोसायटीच्या आवारात तरावीहनंतर दोन मुलांचे भांडण झाले. एकाने दुसऱ्याचा चेंडू लपवला होता. ज्याचा चेंडू गेला, त्याला संतापाच्या भरात जो सर्वांत वाईट शब्द सुचला तो त्याने उच्चारला : ‘यहुदी!’ मी त्याला जवळ बोलावून विचारले, ‘बाळ, तू कधी कोणी यहुदी पाहिला आहेस का?’ तो म्हणाला, ‘नाही चाचा. पण गाझात लहान मुलांना कोण मारतंय, ते रोज बघतो ना.’

त्या मुलाचे दुःख खोटे नव्हते. निष्पाप बालकांच्या मृत्यूने ज्याचे हृदय हलत नाही, त्याने आपले ईमान तपासून पाहावे. परंतु मला वेगळीच गोष्ट अस्वस्थ करून गेली. त्या मुलाचे कुटुंब मूळचे अलिबाग तालुक्यातले. चारकोप ही १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने वसवलेली वसाहत. येथे आपण सारेच कोठून ना कोठून आलेले आहोत. कोकणातून आलेल्या आपल्या कित्येक कुटुंबांच्या मागच्या पिढ्यांना यहुदी माणूस दूरचित्रवाणीवर नव्हे, तर शेजारच्या आळीत भेटत असे. तो मराठी बोलत असे आणि त्याच्या घाण्याचे तेल आपल्या घरी येत असे. त्या मुलाने शिवी म्हणून वापरलेला शब्द त्याच्या पणजोबांच्या लेखी शेजाऱ्याचे नाव होते. दोन-तीन पिढ्यांत शेजाऱ्याचे नाव शिवी कसे झाले?

या लेखात ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे, तो यातूनच निघतो. ज्या समाजाची माणसे गावातून जवळजवळ निघून गेली आहेत, त्याच्या मागे राहिलेल्या प्रार्थनागृहाशी आणि त्याच्या नावाशी आपले, म्हणजे इस्लाम मानणाऱ्यांचे, काही नाते उरते काय? उरत असेल, तर ते केवळ सौजन्याचे आहे की कर्तव्याचे?

आधी ते शेजारी कोण होते, हे पाहू. कोकणच्या यहुदी समाजाचे नाव ‘बेने इस्रायल’. कुरआन वाचणाऱ्याला हे नाव परके वाटू नये. पवित्र कुरआनात ज्यांना ‘बनी इस्राईल’ म्हणून वारंवार संबोधले आहे, तेच हे नाव, अर्थ एकच : इस्राईलची, म्हणजे हजरत याकूब (अ.) यांची संतती. कुरआनच्या सतराव्या सूरहचे एक नावही ‘बनी इस्राईल’ असेच आहे.

त्यांच्या परंपरेनुसार, फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. जे बुडाले त्यांना नवगावलाच मूठमाती देण्यात आली आणि तेथे त्यांचे स्मारक आजही आहे. वाचलेल्यांचे ग्रंथ समुद्राने नेले. काळाच्या ओघात त्यांची हिब्रू भाषाही विस्मरणात गेली, घरात मराठी आली, अंगावर कोकणी पेहराव आला. तरी काही गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत. आठव्या दिवशी मुलाची सुंता, भक्ष्याभक्ष्याचे नियम, शनिवारचा विश्राम आणि ईश्वर एकच आहे अशी ग्वाही देणारे ‘शेमा’ हे वचन. सारे काही हरवलेल्या माणसांनी एकेश्वरत्वाची ग्वाही तेवढी हरवू दिली नाही, ही गोष्ट तौहीद मानणाऱ्या माणसाने आदराने ऐकावी अशीच आहे.

त्यांतील पुष्कळ जणांचा व्यवसाय तेल गाळण्याचा. शनिवारी त्यांचे घाणे बंद असत, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव दिले. नवगावकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहीमकर ही त्यांची आडनावे कोकणातील गावांच्या मातीतून आलेली आहेत. त्यांच्या धार्मिक प्रमुखांना ते ‘काजी’ म्हणत. नवस फेडताना, शुभकार्यात ते जो प्रसाद करतात त्याला ‘मलिदा’ म्हणतात आणि तो एलियाहू हनबी यांच्या स्मरणार्थ केला जातो. हे एलियाहू म्हणजे ज्यांचे नाव कुरआनात प्रेषितांच्या मालिकेत आदराने आले आहे, ते हजरत इल्यास (अ.). आपल्या आणि त्यांच्या श्रद्धांत मूलभूत भेद आहेत आणि ते झाकण्याचे कारण नाही. पण भेद कोठे आहे हे ज्याला नीट ठाऊक असते, त्याला साम्य कोठे आहे हे कबूल करण्याची भीती वाटत नाही.

आता त्यांच्या प्रार्थनागृहांकडे वळू. मुंबईत बेने इस्रायलांचे पहिले सिनेगॉग १७९६ साली मांडवी भागात उभे राहिले. ते बांधणारे सॅम्युअल इझिकेल दिवेकर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी होते. त्यांच्याविषयी त्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या एक हकीकत सांगितली जाते. म्हैसूरच्या युद्धात ते टिपू सुलतानांच्या सैन्याच्या हाती सापडले. कैद्यांची विचारपूस झाली तेव्हा त्यांनी आपली ओळख बेने इस्रायल अशी सांगितली. ती सुलतानांच्या मातोश्रींच्या कानी गेली. ज्यांचा उल्लेख आपण कुरआनात इतक्यांदा वाचला, त्या लोकांपैकी कोणी आजवर पाहिला नव्हता, असे म्हणून त्यांनी त्या कैद्यांना अभय मिळवून दिले. दिवेकरांनी सुटका झाल्यास ईश्वराचे घर बांधीन असा संकल्प केला होता. तो त्यांनी मुंबईत पुरा केला. त्या वास्तूचे नाव ‘शाआर हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार. हकीकतीचा बारीकसारीक तपशील काहीही असो, तो समाज आपल्या पहिल्या प्रार्थनागृहाची कथा सांगताना त्यात कुरआन वाचणाऱ्या एका मुस्लिम मातेला स्थान देतो, हे आपण विसरू नये. त्या मातेने कुरआनात ‘बनी इस्राईल’ हे शब्द वाचले तेव्हा तिला दया सुचली. आपल्या मुलांना तेच शब्द ऐकून काय सुचते?

आणखी एक गोष्ट. कोकणात बेने इस्रायल लोक आपल्या प्रार्थनागृहाला मराठीत ‘मशीद’ म्हणत. मांडवीचे ते सिनेगॉग ‘जुनी मशीद’ म्हणून ओळखले जाई आणि मध्य रेल्वेच्या मशीद स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले, असे पुष्कळ जण मानतात. ईश्वरापुढे मान झुकवण्याच्या जागेला मशीद म्हणावे, हे त्यांना आपल्या शेजारामुळेच सुचले असणार.

मुंबईमागोमाग कोकणातील गावांत सिनेगॉग उभी राहिली. रेवदंड्याचे १८४२ चे, अलिबागचे १८४८ चे, पनवेलचे १८४९ चे. ठाण्याचे १८७९ चे. अलिबागच्या सिनेगॉगचे नाव ‘मागेन अबोथ’, पूर्वजांची ढाल. १९१० मध्ये त्याची पुन्हा उभारणी झाली. ज्या भागात ते आहे त्याला आजही ‘इस्रायल आळी’ म्हणतात. त्यांचे जेरुसलेम आणि आपली काबा, दोन्ही कोकणातून पश्चिमेकडेच. म्हणून एकाच गावात दोन समाज वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या शब्दांत, परंतु एकाच दिशेला तोंड करून उभे राहत आले.

मग १९४८ नंतर स्थलांतर सुरू झाले. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे : बेने इस्रायल भारतातून हाकलले गेले नाहीत. त्यांच्यावर येथे कधी अत्याचार झाला नाही, असे ते स्वतः अभिमानाने सांगतात. धर्मभावना, आप्तांची ओढ, उपजीविकेची आशा, अशा कारणांनी हजारो कुटुंबे इस्रायलला गेली. जे राहिले त्यांतील बरेच मुंबई-ठाण्यास आले. २०११ च्या जनगणनेत सबंध भारतात यहुदींची संख्या पाच हजारांहूनही कमी भरली. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यांना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला, तेव्हा हा समाज आपल्याकडे आहे हेच अनेकांना प्रथम कळले.

त्यांच्या धर्मशास्त्राप्रमाणे सामुदायिक प्रार्थनेस किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. गावातील सिनेगॉगची भिंत मजबूत असते, दिवे असतात, तोराहच्या गुंडाळ्या असतात. पण दहा माणसे जमत नाहीत. कोकणी मुसलमानाला हे दुःख समजावून सांगावे लागू नये. आपण शाफई पंथाचे. जुम्यासाठी चाळीस माणसांची अट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ज्या गावांतील तरुण आखातात गेले, घरांना कुलपे लागली आणि मशिदीत इमामामागे म्हातारी माणसे तेवढी उरली, अशी गावे आपण पाहिलेली आहेत. रिकाम्या होत जाणाऱ्या प्रार्थनास्थळाची शांतता कशी असते, हे जर कोणाला ठाऊक असेल तर ते आपल्याला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या प्रार्थनागृहाशी आपले नाते काय?

सूरह अल्-हजच्या चाळिसाव्या आयतीचा आशय पाहावा. अत्याचारपीडित श्रद्धावंतांना प्रतिकाराची परवानगी ज्या ठिकाणी दिली आहे, तेथेच अल्लाह तिचे कारणही सांगतो : जर त्याने काही लोकांना दुसऱ्या लोकांकरवी आवरले नसते, तर मठ, चर्च, यहुदींची प्रार्थनागृहे आणि मशिदी, जेथे अल्लाहचे नाव मोठ्या प्रमाणात घेतले जाते, ती सारी उद्ध्वस्त झाली असती. या यादीत मशिदीचे नाव शेवटी आहे. ज्यांच्याकडे त्या काळी तलवार उचलण्याखेरीज मार्ग उरला नव्हता, त्यांना पहिल्याच परवानगीत सांगितले गेले की, संरक्षण तुमच्याच घराचे नव्हे.

कोणी म्हणेल, ही आयत पूर्वीच्या प्रेषितांच्या काळातील प्रार्थनागृहांविषयी आहे. काही भाष्यकारांनी असा अर्थ दिला आहे, हे खरे. परंतु इमाम कुर्तुबी यांनी आपल्या तफसीरमध्ये याच आयतीखाली हेही नोंदवले आहे की, ज्यांच्याशी करार आहे अशा लोकांची प्रार्थनागृहे पाडण्यास तिच्यावरून मनाई सिद्ध होते. आणि आपण या देशात करारानेच राहतो. संविधान हा आपला आणि आपल्या शेजाऱ्यांचा परस्परांशी केलेला करार आहे. करार पूर्ण करा, कारण कराराबद्दल जाब विचारला जाईल, ही आज्ञा कुरआनात ज्या सूरहमध्ये आली आहे (१७ : ३४), तिचेच नाव बनी इस्राईल आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बजावले आहे की, करारातील माणसावर जो अन्याय करील किंवा त्याचा हक्क कमी करील, त्याच्याविरुद्ध कयामतच्या दिवशी मी स्वतः फिर्यादी असेन (अबू दाऊद). आपल्याला ज्यांच्या शिफारशीची आशा आहे, त्यांनीच आपल्याविरुद्ध उभे राहावे, याहून मोठे भय कोणते?

आता त्या मुलाच्या उत्तराकडे. गाझाचे काय? वाचकहो, हा प्रश्न टाळून लेख पुरा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. पॅलेस्टाइनमध्ये जो अन्याय होत आहे त्याला अन्यायच म्हटले पाहिजे, त्यासाठी दुआ केली पाहिजे, कायद्याच्या मार्गाने आवाज उठवला पाहिजे. प्रश्न इतकाच आहे की, त्या अन्यायाचे ओझे आपण कोणाच्या पाठीवर ठेवतो. कोणीही ओझे वाहणारा दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, हा नियम कुरआन पुनःपुन्हा सांगतो (६ : १६४). ग्रंथधारकांविषयी बोलताना ते सारे सारखे नाहीत, असेही कुरआनच सांगतो (३ : ११३). आणि सूरह अल्-माइदाच्या आठव्या आयतीत तर आपल्या मनाची दुखरी जागाच दाखवली आहे : एखाद्या समाजाविषयीचा द्वेष तुम्हाला न्याय सोडण्यास प्रवृत्त न करो, न्याय करा, तेच ईशभयाला अधिक जवळचे आहे. ही आयत द्वेष नसलेल्या माणसाला उद्देशून नाही. ज्याच्या मनात राग आहे, आणि कदाचित रागाला कारणही आहे, त्यालाच ती सांगितली आहे. राग नसताना न्याय करणे सोपे असते. राग असताना केलेल्या न्यायातच ईमानाची परीक्षा आहे.

शिवाय अलिबागचा तेली आणि तेल अवीवचा सत्ताधारी यांना एकाच नावाखाली गोळा करणे हे वस्तुस्थितीलाही धरून नाही. जे बेने इस्रायल तिकडे गेले, त्यांच्याच यहुदीपणाविषयी तेथील धर्माधिकाऱ्यांनी शंका घेतली. त्यांच्या विवाहांना मान्यता मिळावी म्हणून त्यांना आंदोलन करावे लागले. १९६४ मध्ये तेथील सरकारने ते सर्व दृष्टींनी यहुदी असल्याचे जाहीर केले. येथे त्यांना परके ठरवावे, हे आपल्याला शोभत नाही. जगात कोठेही कोणी मुसलमान म्हणवणाऱ्याने गुन्हा केला की चारकोपच्या बसमध्ये दाढी असलेल्या माणसाकडे लोक वळून पाहतात, तेव्हा आपण म्हणतो, ‘त्याचा आमच्याशी काय संबंध?’ आपला हा युक्तिवाद अगदी योग्य आहे. मग जो न्याय आपण स्वतःसाठी मागतो, तो दुसऱ्याला नाकारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

प्रेषितांच्या (स.) आचरणाकडे पाहा. एक जनाजा जात होता, आपण (स.) उभे राहिले. कोणी सांगितले की तो यहुदी माणसाचा आहे. आपण (स.) उलट विचारले की, तो एक जीव नव्हता काय? (बुखारी, मुस्लिम). मदिन्यातील काही यहुदी टोळ्यांशी पुढे कठोर संघर्ष झाला, हे सीरत वाचणाऱ्याला ठाऊक आहे. तो करारभंगाचा आणि युद्धाचा प्रश्न होता. त्या संघर्षाच्या आठवणीने एका सामान्य मृत माणसाचा मान कमी झाला नाही. हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी इतिहासात सांगितले जाते की, जेरुसलेममधील चर्चमध्ये नमाजाची वेळ झाली असता त्यांनी आत नमाज अदा करण्याचे टाळले; आपण येथे नमाज अदा केली तर पुढे मुसलमान या जागेवर हक्क सांगतील, असे त्यांना वाटले. शत्रूपासून प्रार्थनागृह वाचवणारे पुष्कळ असतात. आपल्याच पुढच्या पिढीच्या लोभापासून दुसऱ्याचे प्रार्थनागृह वाचवण्याची दूरदृष्टी खलिफांनी दाखवली. ज्या जागेचे मालक थोडे उरले आहेत आणि जिच्या जमिनीला मात्र भाव आला आहे, तेथे ही दूरदृष्टी आजही तितकीच लागते.

हे सारे ग्रंथांतच राहिले आहे असे नाही. मुंबईत १८७५ साली हाईम सॅम्युअल केहीमकर यांनी बेने इस्रायल मुलांसाठी शाळा काढली. माझगावची सर एली कदूरी शाळा ती हीच. आज तेथे शिकणारी बहुसंख्य मुले मुस्लिम घरांतील आहेत. म्हणजे त्यांनी लावलेल्या झाडाची फळे आपली मुले खात आहेत. कोलकात्यात सिनेगॉगची देखभाल मुस्लिम कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या केली आहे. आणि २००८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईवर जो हल्ला झाला, त्यात नरिमन हाउसमधील यहुदी धर्मगुरू आणि त्यांची पत्नी यांनाही मारण्यात आले. तेव्हा मुंबईच्या मुसलमानांनी हल्लेखोरांच्या मृतदेहांना आपल्या कबरस्तानात जागा नाकारली. इस्लामचे नाव घेऊन निरपराधांना मारणाऱ्याला आम्ही आपला मानत नाही, हे त्या दिवशी या शहराने कृतीने सांगितले. जी गोष्ट मोठ्या संकटात आपल्याला कळली, ती रोजच्या बोलण्यात आपण का विसरावी?

म्हणून माझे नम्र मत असे की, हे नाते सौजन्याचे नाही, अमानतीचे आहे. सौजन्यात परतफेडीची अपेक्षा असते. तुम्ही आमच्या ईदला या, आम्ही तुमच्या सणाला येऊ. अमानत वेगळी. ठेव ठेवणारा दूर गेला, थोडा उरला, विसरला, तरी ठेव ठेवच राहते. उलट, तो जितका दुर्बल तितकी ती जड होते. जेथे दहा माणसे जमत नाहीत, तेथे आपल्या न्यायाचे आभार मानायलाही फारसे कोणी नसते. पाहणारा एक अल्लाह तेवढा असतो. आपण जे काही करतो ते त्याच्यासाठी करतो की लोकांसाठी, हे ओळखण्याची याहून चांगली जागा कोठे सापडेल?

तर आपण काय करावे? फार मोठे काही नाही. पहिली गोष्ट, घरात ‘यहुदी’ हा शब्द शिवी म्हणून उच्चारला गेला तर तो तेथेच थांबवावा. अन्याय करणाऱ्याला जालिम म्हणावे. कुरआनने त्यासाठी तो शब्द दिलेला आहे आणि तो कोणत्याही धर्माच्या जालिमाला लागू पडतो, आपल्यातल्याही. दुसरी, सुट्टीत अलिबागला जाल तेव्हा किनारा आणि किल्ला पाहून परतू नये. मुलांना इस्रायल आळीत न्यावे. परवानगी मिळाली तर अदबीने आत जावे, न मिळाली तर बाहेरूनच सांगावे की, येथे आपले शेजारी प्रार्थना करीत. तिसरी, गावाकडे अशा वास्तूच्या, कबरस्तानाच्या जमिनीविषयी काही व्यवहार कानी आला, तर आपल्या मशिदीची जमीन असती तर जी साक्ष दिली असती, तीच येथेही द्यावी.

त्या रात्री त्या मुलाला मी एवढेच सांगितले की, तुझ्या गावी एक जुनी मशीद आहे, तिला लोक सिनेगॉग म्हणतात. त्याने आश्चर्याने विचारले, ‘यहुद्यांची मशीद? आपल्या गावात?’ मग जरा थांबून त्याने विचारले, ‘तिथे आता कोण असतं?’ मी म्हणालो, ‘थोडी माणसं. आणि अल्लाह तर सगळीकडेच आहे.’ चेंडू तोवर सापडला होता. तो खेळायला पळाला. ज्याला शिवी दिली होती, त्याच्याकडेच तो गेला.

अल्लाह आपल्याला रागातही न्यायाने वागण्याची, कराराला जागण्याची आणि दुसऱ्यांच्या अमानती जपण्याची सद्बुद्धी देवो. पॅलेस्टाइनच्या पीडितांना सुटका आणि शांती देवो. आणि आपल्या मुलांच्या जिभेवर कोणाही निरपराधाचे नाव शिवी होऊन येऊ न देवो. आमीन.